हट्टी नारिंगी

आमच्या घरात तीन पिढ्या काच फुंकली जाते. सासरे फुंकायचे, नवरा फुंकायचा, आता मुलगा फुंकतो. मी फुंकत नाही, फुंकणाऱ्यांना बोलते. तेही काम कुणीतरी करावं लागतं. शाळा मी चार वर्षं केली, पण चंबूच्या मानेवरून बोट फिरवलं की सांगते, सांधा नीट बसलाय की फुंकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. प्रयोगशाळांना लागतात ते गोल बुडाचे चंबू, एका मानेचे, तीन मानांचे, सगळे आमच्याकडून जातात. इतक्या वर्षांत एक चंबू तक्रार घेऊन परत आला नव्हता.

तो आला. आणि आणला कुणी, तर माझ्याच सुनेनं.

ही सून इतकी शिकली आहे की अजून तिचं शिकायचं संपलेलं नाही. प्रयोगशाळेत ती कण शिजवते. दिसत नाहीत असले बारीक कण, क्वांटम डॉट म्हणतात त्यांना. त्यांच्यावर जांभळा दिवा धरला की ते चमकतात, आणि कुठल्या रंगात चमकायचं ते ही बाई ठरवते. लग्नाच्या वर्षीच मी तिला विचारलं होतं, "जी वस्तू दिसतच नाही ती बिघडली हे तुला कळतं कसं?"

"रंगावरून, आई."

मग तिनं समजावलं. रंग बदलायचे दोन उपाय. एक, कण किती वाढू द्यायचा. थोडा वेळ शिजवला की लहान राहतो आणि निळसर दिसतो, जास्त शिजवला की मोठा होऊन हिरव्याकडे जातो. दुसरा उपाय म्हणजे त्यात परक्या धातूची चिमूट घालायची. तांब्याची चिमूट घातली की रंग कणाच्या आकारामागे सरकत जातो, हवा तिथे थांबवता येतो. मँगनीजची घातली की नारिंगी. कण लहान ठेवा, मोठा करा, आपलं नारिंगी ते नारिंगीच.

"तांबं ऐकून घेतं, आई. मँगनीज कुणाचं ऐकत नाही."

"कळलं," मी म्हटलं. "एक तुझा नवरा आणि एक मी."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही, विचार केल्यासारखी मान डोलावली. ते मला जास्त झोंबलं.

तर त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो आणि सूनबाईंनी पिशवीतून चंबू काढून ताटाशेजारी ठेवला. तीन मानांचा, आमचाच. महिन्यापूर्वी गेलेल्या खेपेतला.

"सरांनी परत पाठवलाय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले, आमचा हिरवा येतच नाही. तांबं घालतो आणि नारिंगी येतो. शिजवायचा वेळ कमी केला, वाढवला, कण लहान-मोठे होतात पण रंग जागचा हलत नाही. म्हणजे कुठून तरी मँगनीज शिरतंय. पावडरी तपासल्या, त्या साफ आहेत. आणि हे सुरू झालं ते हे नवे चंबू आले त्याच आठवड्यात."

"म्हणजे आमच्या काचेत खोट आहे?" मी विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही, आई."

"चंबू ताटाशेजारी ठेवलास. अजून काय म्हणायचं राहिलं?"

ती हळूच म्हणाली, "सर शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. नाहीतर दुसरीकडून मागवतील. आणि बाजूच्या प्रयोगशाळांनाही कळवावं लागेल, त्या पण आपलेच चंबू वापरतात."

मी मुलाकडे पाहिलं. माझा मुलगा ज्योतीसमोर बसला की वाघ असतो, जेवायला बसला की ताटातल्या मिठाएवढा. एका बाजूला बायको, एका बाजूला आई. तो ताटात बघत म्हणाला, "काच चांगली आहे," आणि तोंडात घास कोंबला.

आता मी का घाबरले ते सांगते. माळ्यावर माझ्या नवऱ्यानं आणून ठेवलेल्या काचेच्या जुन्या नळ्या होत्या, दोन पेट्या भरून. मीच मुलाच्या मागे लागले होते की नवी काच कशाला आणतोस, बापानं जमवलेलं पडून राहायचं का? तो म्हणाला, ती काच वेगळी आहे. मी म्हटलं, तुझ्या बापाला तुझ्यापेक्षा कमी कळत नव्हतं. शेवटी तो पेट्या खाली घेऊन गेला आणि ती खेप तयार झाली. आणि नवऱ्याचंच एक बोलणं मला पक्कं आठवत होतं, की जुन्या काचेत हिरवट झाक येऊ नये म्हणून कारखानेवाले एक काळी पूड टाकायचे. त्या पुडीचं नाव मँगनीज.

म्हणजे खोट असलीच तर ती माझ्या जिभेची होती. तीन पिढ्यांचं नाव, आणि बुडवलं कुणी, तर ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांचे सांधे तपासले तिनं. हे मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चांगले कपडे घातले, चंबू रुमालात बांधला आणि सुनेला म्हटलं, "चल. मी येते."

"कुठे?"

"तुझ्या सरांकडे. माझ्या घरातला चंबू आरोपी असेल तर त्याच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला नको?"

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, मधे ओटे, ओट्यांशी वाकलेली पाच-सहा पोरं, भिंतीला काचेची कपाटं आणि कायम घोंघावणारा पंखा. आत जाण्याआधी मला पांढरा डगला घातला, तो घोट्यापर्यंत आला, आणि डोळ्यांवर प्लास्टिकचं झाकण चढवलं. सर पुढे आले. हडकुळे, सौम्य, चष्म्यावर चष्मा लावलेले. "बसा ना," म्हणाले, "तुमच्या मुलाचं काम फार सुबक असतं."

"मग परत का पाठवता?"

ते चष्मा पुसू लागले. वरचा पुसला, मग खालचा.

त्यांनी मला नारिंगी दाखवला. पाच बाटल्या ओळीनं मांडल्या, दोन-दोन मिनिटांनी काढलेल्या. साध्या उजेडात पिवळट पाणी. जांभळा दिवा लावला आणि पाचही बाटल्या पेटल्या, संत्र्याच्या सालीसारख्या. पाचांत काडीचा फरक नाही.

"पाचशे पंच्याऐंशी," सर रंगाचा आकडा सांगत दुःखानं म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. "मला तर छान दिसतोय. नारिंगीच विका की."

"नारिंगी आम्ही दोन वर्षं केला, आजी. तो झाला. आता हिरव्याकडे सरकणारा हवाय."

मी म्हटलं, माझ्यासमोर एकदा सगळं करून दाखवा, सुरुवातीपासून, काही न गाळता. सूनबाईंनी चंबू धुवायला घेतला. आमच्या घरात ती कप विसळते तेव्हा मला मागून पुन्हा विसळावा लागतो, पण इथे तिचा हात बघत राहिले. आधी आम्लात बुडवला, मग पाण्यानं, मग दुसऱ्या कसल्याशा उग्र पाण्यानं, मग भट्टीत वाळवला, मग उजेडासमोर धरून फिरवून पाहिला. मी मनात म्हटलं, एवढं केल्यावरही नारिंगी आला तर तो काचेच्या आतूनच येतोय. पेट्या डोळ्यांसमोर आल्या. नवऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले, तो बिचारा काय बोलणार.

मग सुनेनं ओट्याखालचा ड्रॉवर उघडला, एका डबीतून पांढरी कांडी काढली, औषधाच्या कॅप्सूलएवढी, नळाखाली धरली, झटकली आणि चंबूत टाकली. टण.

"हे काय?"

"चुंबक आहे, आई. खालचं यंत्र फिरतं तशी ही आत फिरते आणि ढवळते."

"चमचा म्हण की."

"हो, तसंच."

"काढ बाहेर."

"अहो, पण..."

"काढ म्हणते ना."

तिनं चिमट्यानं काढली. मी झाकण कपाळावर सरकवलं, सर "नको, नको" म्हणाले, मी ऐकलं नाही. कांडी एकेकाळी पांढरी असावी. आता तिच्यावर चरे होते, आणि चऱ्यांत तपकिरी रेघा बसल्या होत्या, नखातल्या मळासारख्या.

"चंबूला आठ अंघोळी घातल्यास आणि चमच्याला नुसतं पाणी दाखवलंस?"

"तिच्यावर टेफ्लॉन असतं," सर म्हणाले. "त्याला काही चिकटत नाही."

"माझ्याकडे न चिकटणारा तवा आहे. पहिलं वर्ष काही चिकटलं नाही. चरे पडल्यावर आता मी सोडून सगळं चिकटतं." मी कांडी त्यांच्या नाकासमोर धरली. "आधी काय ढवळलंय हिनं?"

सरांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं डबीकडे पाहिलं.

"नव्या कांड्या संपल्या म्हणून मी ही डबी काढली," ती सावकाश म्हणाली. "जुन्या कामाची आहे. मँगनीजच्या."

"कधी काढलीस?"

"नवे चंबू आले... त्याच आठवड्यात."

मला ओरडावंसं वाटलं, पण माझी धास्ती अजून गेली नव्हती. कांडी दोषी म्हणजे काच निर्दोष असं थोडंच आहे? दोन चोर एकाच घरात शिरू शकतात. मी म्हटलं, "नवी कांडी आणा. आणि चंबू हाच घ्यायचा. आमचाच."

नवी कांडी शेजारच्या प्रयोगशाळेतून आली, कोरी, कागदात गुंडाळलेली. सगळं पुन्हा सुरू झालं. नळीतून वायू सोडला, तापवलं, सुईनं काहीतरी आत मारलं आणि कांडी भिरभिरू लागली. मी स्टुलावर बसले होते. माझा वेळ जावा म्हणून सर बिस्किटाचं विचारत होते, मी मानेनंच नाही म्हटलं. तोंड उघडलं असतं तर पेट्यांचं बाहेर पडलं असतं.

दोन मिनिटांनी पहिली बाटली भरली. चार, सहा, आठ, दहा. पाच झाल्या तशी सुनेनं खोलीतला दिवा मालवला आणि जांभळा लावला.

पहिली निळी. दुसरीत निळ्यात थोडं हिरवं. तिसरी मोराच्या मानेसारखी, चौथी कोवळ्या पानासारखी, पाचवी पोपटी. रंग पायऱ्या उतरावा तसा बाटलीतून बाटलीत उतरत गेला होता. नारिंगी कुठे नावालाही नव्हता.

खोलीतली सगळी मंडळी जवळ आली. मी माझं भाषण तयार केलं होतं. आमच्या घराण्यापासून सुरुवात होती आणि सुनांनी काय शिकावं यावर शेवट. पण मी घसा साफ करेपर्यंत सूनबाई सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "चंबूची काही चूक नव्हती. चूक माझी. न तपासता मी घरच्यांवर आळ घेतला. आई, माफ करा."

एवढंच. रडणं नाही, सबब नाही. माझ्या भाषणाला पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी म्हटलं, "ठीक आहे, ठीक आहे," आणि डगल्याची बटणं काढायला लागले.

सरांनी आणखी बारा चंबू सांगितले. रस्त्यानं येताना सून माझ्याशेजारी चालत होती आणि मला चिडायला काही सापडत नव्हतं. ती पोरगी आठ जणांत चूक कबूल करते आणि मी माझी चूक पोटात घेऊन घरी चाललेय, हे मला सहन होईना. घरात शिरल्या शिरल्या मी मुलाला हाक मारली.

"ऐक. काच सुटली. पण सुटली नसती तर दोष माझा होता. त्या जुन्या नळ्या वापरायला मी तुला लावलं. तू नको म्हणत होतास."

मुलाचा चेहरा पडला. बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत आणखी कुणी आहे का ते पाहिलं.

"आई, त्या नळ्या मी वापरल्याच नाहीत."

"काय?"

"ज्योतीत धरल्या की पांढरट पडायच्या. सांधा जोडला की थंड होताना तडकायचा. पहिल्याच दिवशी सोडून दिल्या. खेप सगळी नव्या काचेची आहे."

"आणि पेट्या?"

"टेबलाखाली. वर पोती टाकलीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला?" तो म्हणाला.

एकच शब्द, पण असा उच्चारला की सुनेला पाणी पिता पिता ठसका लागला. मी तिच्याकडे असं पाहिलं की ठसका थांबला. मग त्या दोघांना चांगलं अर्धा तास बोलले. या घरात माझ्या शब्दाला काय किंमत राहिली, विचारून घेतलं. एकीकडे अंगावरचं ओझं उतरलं होतं, त्यामुळे आवाज नेहमीपेक्षा मोकळा लागला.

सकाळी मुलगा यायच्या आत मी कामाच्या खोलीत गेले. पोती बाजूला केली, एक नळी घेतली आणि ज्योत पेटवली. इतकी वर्षं पाहिलंय, हात तेवढा येतोच. नळी आधी लाल झाली, मग दुधाळ. नव्या काचेच्या तुकड्याला लावली, सांधा सुंदर बसला. माझ्याकडे बघून हसावा असा बसला. मी ज्योत मंद केली, नळी टेबलावर ठेवली, आणि सांधा टचकन दुभंगला. दुसरी घेतली. तिसरीही.

मुलगा आला तेव्हा मी काचा झाडून सुपलीत भरत होते.

"आई, तू झाडतेस?"

"तुझ्या खोलीत कुणीतरी झाडायला नको?" मी म्हटलं. "आणि त्या पेट्या आजच्या आज बाहेर काढ. किती जागा अडवतात. मी कधीची सांगतेय तुला."