कांडीतली हिरवी पुरचुंडी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला माणसांचे फोटो काढायला फारसं आवडत नाही. नवरा-नवरी ताठ बसतात, फोटोवाला "हलू नका" म्हणतो, तरी नवरा हलतोच. मला आवडतात माश्या! उष्ट्याखरकट्यावर बसणाऱ्या नव्हेत हं. रानात एकट्यादुकट्या राहणाऱ्या, कुणीही न पाळलेल्या मधमाश्या. त्यांची नुसती आठवण झाली तरी माझा भाता फुलून येतो.

माझा जन्म जर्मनीतला. लाकडी पेटी, पितळी कोपरे आणि पुढे कातडी भाता. हा भाता ओढत गेलं की हातभर लांब होतो, आणि तो जितका लांब, तितकी बारीक वस्तू मोठी दिसते. माझा पहिला मालक एक दाढीवाला साहेब होता. त्याला रानमाश्यांचं वेड होतं. आम्ही दोघांनी जग पालथं घातलं! ब्राझीलच्या जंगलात सोनाराने हिरव्या धातूची घडवावी तशी माशी पाहिली. बर्फाळ डोंगरांत घोंगडी पांघरलेली गुबगुबीत माशी पाहिली. ऑस्ट्रेलियात निळ्या पट्ट्यांची माशी गवताची काडी तोंडात धरून चक्क झोपली होती. तिचा केस न् केस मी काचेवर उतरवला! काय ते दिवस होते!

पुढे साहेब थकला. मायदेशी परतताना त्याने मुंबईत सामान विकलं आणि मी सोलापूरच्या कल्लप्पाच्या हाती पडलो. सात रस्त्याजवळ त्याचं फोटोचं दुकान होतं. माणूस हौशी, हात हलका, पण माश्यांच्या बाबतीत ठार अडाणी. साहेबाचं माशीसाठीचं चिमुकलं भिंग पेटीच्या कोपऱ्यात पडून होतं. कल्लप्पाला ते मोडक्या दुर्बिणीचं वाटे. मी मात्र लग्न, मुंज आणि पेन्शनर मंडळींच्या मिशा टिपत दिवस काढत होतो.

मग १९२८ सालचा भाद्रपद आला. कल्लप्पाला गुरुबसप्पांचं बोलावणं आलं. गुरुबसप्पा हे हातमागाच्या कारखान्याचे मालक. नव्या लुगड्यासकट मागाचा फोटो त्यांना हवा होता. आम्ही पोचलो तेव्हा कारखान्यात एकही माग वाजत नव्हता. विणकर अंगणात घोळका करून उभे होते आणि दाराशी ईरम्मा गाठोडं घेऊन बसली होती.

ईरम्मा विधवा होती. रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरणं हे तिचं काम, आणि कारखान्यामागची खोली हे तिचं घर. कांडी म्हणजे बोटाएवढी पोकळ नळी. ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते आणि आडवं सूत पुरवते. चार दिवसांपूर्वी एक कांडी रहाटाच्या सळीवर चढेना. कुणीतरी ती फोडली. आतून पडली पानात घट्ट गुंडाळलेली हिरवी पुरचुंडी, आणि पुरचुंडीत पिवळीजर्द पूड! झालं. पानात बांधलेली हळद म्हणजे करणी, असं सगळे म्हणाले. त्यातच गुरुबसप्पांची सून तापाने फणफणली होती. बोट ईरम्माकडे वळलं.

"विबूती उचलून शपथ घे म्हनलं तर घेत न्हाय," गुरुबसप्पा कल्लप्पाला सांगत होते. माणूस दुष्ट नव्हता, घाबरला होता. "मनात पाप न्हाय, तर भ्या कशाचं?"

"भ्या न्हाय," दारातून ईरम्मा म्हणाली. "जे केलंच न्हाय, त्याच्यासाटी सिद्रामेश्वराला कशाला मदी घालू? माजा सबुद पुरं की."

"मग जा हितनं. आन् टोपलीतल्या समद्या कांड्या आज चवाट्यावर जाळायच्या."

बिचारी कुठं जाणार होती? करणीवाली म्हणून नाव झालं की सोलापुरात तिला सूत कोण देणार? पेठेत उभं कोण करणार? मला तिच्याकडे बघवेना.

उदास मनाने कल्लप्पाने मला मागासमोर उभं केलं आणि तो काळ्या कापडात शिरला. माझ्या मागच्या दुधी काचेवर जग उलटं दिसतं. उलटा माग, उलटी खिडकी, आणि खिडकीपाशी टांगलेली रिकाम्या कांड्यांची उलटी टोपली. तेवढ्यात काचेवर एक हिरवा ठिपका आला. तो तरंगत टोपलीत उतरला आणि एका कांडीत शिरला.

मित्रांनो, मी ओळखलं! पानं कापणारी माशी! पानाचा गोल तुकडा पोटाशी धरून आणते, नळीत त्याची पुरचुंडी करते, आत फुलांचा पिवळा पराग भरते आणि त्यावर अंडं घालते. साहेबाबरोबर मी तिच्या बहिणी देशोदेशी पाहिल्या होत्या. हळद कसली आणि करणी कसली! मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. कल्लप्पा, अरे बघ! बघ ना!

"हे हिरवं काय फिरतंय?" कापडातून आवाज आला.

कल्लप्पा बाहेर आला, टोपलीपाशी गेला आणि वाकला. माशी रिकाम्या हाताने निघून गेली आणि थोड्या वेळात नवा तुकडा घेऊन परत आली. कल्लप्पा ओरडलाच, "मालक! माशी हाय ही! माशी पानं आणतीया!"

"माशी?" गुरुबसप्पा उंबऱ्यापलीकडूनच म्हणाले. "माशी हळद बांदती व्हय? करणी हाय ती. डोळ्याला भूल घालतीया. तुमी आदी मागं सरा."

"या, सोताच्या डोळ्यानं बगा."

कोण येणार? एकही विणकर टोपलीजवळ पाऊल टाकेना, आणि तिथून एवढीशी माशी कुणाला दिसणार? कल्लप्पा घुटमळला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"माणसाला भूल पडंल," तो हळूच म्हणाला. "यंत्राला कशी पडंल?"

विणकरांत कुजबुज झाली. यंत्राला भूल पडत नाही हे सगळ्यांना पटलं. गुरुबसप्पा म्हणाले, "काडा फोटू. पर ऊन उतरायच्या आत. मग कांड्या जाळनार."

काय सांगू मला काय झालं! कल्लप्पाने मला टोपलीच्या तोंडाशी नेलं आणि माझा भाता ओढला. आणखी ओढला. आजवर सोलापुरात कुणी तो इतका ओढला नव्हता! तरी चित्र पुसटच. तो पेटी धुंडाळू लागला, तसं त्याच्या हाताला ते चिमुकलं भिंग लागलं. त्याने ते लावलं मात्र, कांडीचं तोंड विहिरीएवढं दिसू लागलं.

पण उजेड कमी पडला. आरसा धरून कांडीवर ऊन पाडायला कुणीतरी हवं होतं. कुणी पुढे होईना. ईरम्मा उठली. गाठोडं दारातच ठेवून तिने भिंतीवरचा आरसा काढला आणि टोपलीशेजारी गुडघे टेकले.

"कुटं पाडू, सांगा."

पहिल्या काचेवर माशी आलीच नाही, नुसता पुसट फराटा आला असणार. दुसऱ्या वेळी घाईत कल्लप्पा काचेपुढची फळी सरकवायलाच विसरला. कपाळावर हात मारून घेतला त्याने! ऊन खिडकीच्या चौकटीवर चढू लागलं. ईरम्माचे हात भरून आले होते, पण आरशाचा कवडसा कांडीवरून ढळला नाही. आणि ती आली! पानाचा तुकडा पायांनी कवटाळून कांडीच्या तोंडाशी टेकली, दम खायला क्षणभर थांबली. खट्! मी तिला पकडलं होतं. साऱ्या जन्मात मी एवढ्या आनंदाने खटकलो नाही.

कल्लप्पा दुकानाकडे पळाला. ऊन कलायच्या आत तो ओला फोटो दोन्ही हातांत धरून परत आला. फोटोत माशी लिंबाएवढी होती. डोळे, केस, पंख, पोटाला लागलेला परागाचा थर आणि पायांत धरलेलं पान, सगळं लख्ख. फोटो हातोहात फिरला. एकजण म्हणाला, "आयला, खरंच की!" गुरुबसप्पांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"चुकलं, ईरम्मा," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "खोलीत जा. उद्यापासनं कामाला लाग."

ईरम्मा जागची हलली नाही. "करणीवाली म्हनताना आवाज लई मोटा हुता, मालक. पेटंनं ऐकला. आता हळू का बोलता?"

गुरुबसप्पांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ते रस्त्यावर गेले आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ईरम्मानं काय बी केलं न्हाय! माजीच चूक हाय!" ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. तेव्हा कुठं ईरम्माने गाठोडं उचललं. मग ती माघारी वळली, कांड्यांची टोपली खाली उतरवली आणि छातीशी धरून आपल्या खोलीत घेऊन गेली.

"माशीची लेकरं निगूस्तवर टोपलीला कुणी हात लावायचा न्हाय," ती जाता जाता म्हणाली. कुणीही लावला नाही. सूनबाईचा ताप पेठेतल्या वैद्याच्या काढ्याने उतरला.

आता माझ्या भात्याला कसर लागली आहे आणि भिंगावर बुरशी चढली आहे. कुणी धूळ पुसली तर बरं वाटतं, नाही पुसली तरी मी रागावत नाही. पण मित्रांनो, माझं एक ऐका. भिंतीच्या भोकात, दाराच्या फटीत, वाळक्या बोरूत एखादी एकटी माशी ये-जा करताना दिसली, तर ते भोक लिंपू नका. खाली वाकून बघा. तिला वस्ती नाही, राणी नाही, सगळं घर ती एकटीच बांधते. आणि गावाने एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवलं, तर उंबऱ्यापलीकडून बघत राहू नका. आत जा, आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बघा.