नऊ दिवसांचा पक्षी

टीव्ही केंद्राला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती आणि साहेबांना पाच मिनिटांची फिल्म हवी होती: केंद्राचे आजवरचे सगळे लोगो, एकामागून एक. काम अर्थातच टेपताईंच्या गळ्यात पडलं. एकोणतीस वर्षं त्या टेप लायब्ररी सांभाळत होत्या. कॅसेट हवी असली की लोक संगणकाकडे न जाता थेट त्यांच्याकडे यायचे.

पहिला लोगो लगेच सापडला. मनोरा आणि त्यातून निघणाऱ्या तीन लहरी. तो चक्क पुठ्ठ्याचा होता आणि फिरत्या तबकडीवर ठेवून रोज संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर फिरवला जायचा. एका टेपमध्ये फिरवणाऱ्याचा अंगठासुद्धा दिसत होता. दुसरा, निळं वर्तुळ. चौथा आणि पाचवा तर हल्लीचेच. तिसऱ्याचा मात्र पत्ताच नाही.

तिसरा लोगो सव्वीस वर्षांपूर्वी फक्त नऊ दिवस पडद्यावर होता, आणि नेमक्या तेव्हाच टेपताई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. लोकांनी फोन करकरून केंद्राला हैराण केलं म्हणे, म्हणून तो काढून पुन्हा निळं वर्तुळ लावलं. त्या दिवसांच्या टेपा पुसून त्यांवर क्रिकेटचे सामने भरले गेले.

"पडद्याखाली पट्टी फिरवा," साहेब म्हणाले. "कुणाला तरी आठवत असेल."

आठवत होतं, आणि भलतंच आठवत होतं. पहिल्या दिवशी त्रेचाळीस फोन आले. कुणी म्हणे मासा, कुणी म्हणे इस्त्री, आणि बाकी सगळे एका सुरात म्हणाले, "ती चप्पल ना? हो हो, चप्पल होती!"

टेपताई लोगो काढणाऱ्या चित्रकाराच्या घरी गेल्या. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दार काकूंनी उघडलं, चहाही टाकला, पण विषय निघताच काकांचा चेहरा पडला.

"तो पक्षी होता," ते म्हणाले. "उडायच्या तयारीतला. सहा महिने घासलो मी त्यावर. आणि लोकांना काय दिसलं? चप्पल! पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये एकाने विचारलं, दुसरा पाय कुठाय? मी रजा टाकली ती लोगो उतरल्यावरच परत गेलो."

"काका, चित्र असेल ना तुमच्याकडे?"

"फाडलं. आता तो विषय पुन्हा काढू नकोस."

टेपताई हात हलवत परतल्या. दुसऱ्या दिवशी एक फोन आला. बोलणारे टेलरमास्तर होते, बाजाराच्या मागच्या गल्लीतले.

"माझ्याकडे कॅसेट आहे. माझी मुलगी सात वर्षांची असताना तुमच्या बालसभा कार्यक्रमात कविता म्हणाली होती. कोपऱ्यात तुमचं चिन्ह आहे. पण कॅसेट दुकानाबाहेर जाणार नाही. एकच आहे ती."

"मास्तर, कसं आहे हो ते चिन्ह?"

"कसं म्हणजे? पक्षी आहे. छान आहे."

टेपताई खुर्चीतून उठल्याच. संध्याकाळी पुन्हा काकांच्या दारात.

"काका, चव्वेचाळीस जणांत एक माणूस निघाला. पक्षी म्हणतो."

काका तडक वळले. आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. काकू म्हणाल्या, "मुलाच्या लग्नालासुद्धा इतक्या झटपट तयार झाले नव्हते!"

मास्तरांच्या दुकानात एक शिलाई मशीन, भिंतभर खुंट्यांना लटकलेल्या अर्धवट पँटी आणि कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला छोटा टीव्ही. केंद्रातून आणलेला जुना व्हीसीआर टेपताईंनी जोडला, कॅसेटवरची धूळ पुसली आणि श्वास रोखून बटण दाबलं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग दोन वेण्यांची मुलगी आली. तिसऱ्या ओळीला अडखळली, जीभ चावली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मास्तर ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर कविता म्हणत होते.

काका मात्र कोपऱ्याकडे बघत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढे सरकून नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले. "ही तर चप्पलच आहे."

"अहो, काहीतरीच काय!" मास्तर चिडले. "पक्षी आहे तो! ही बघा चोच."

"तो अंगठा आहे, मास्तर."

"आणि हा पंख?"

"पट्टा! चांगला रुंद पट्टा!" काका हसायला लागले. हसता हसता स्टुलावर बसले आणि डोळे पुसू लागले. "पिसं कुठे गेली माझी? केसासारख्या बारीक रेघांनी काढली होती. केंद्रातल्या मोठ्या मॉनिटरवर एकेक दिसायचं. घरच्या टीव्हीवर सगळी विरून गेली! मी कधी घरच्या टीव्हीवर बघितलंच नाही. सव्वीस वर्षं लोकांवर रुसून बसलो, आणि लोक खरं बोलत होते."

मास्तर शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. पण कॅसेटची प्रत काढायची परवानगी त्यांनी दिली, एका अटीवर: मुलीची कविता अख्खी दाखवायची, अडखळण्यासकट.

साहेबांनी अट मान्य केली. पाच मिनिटांची फिल्म सात मिनिटांची झाली. वर्धापनदिनी काका थेट प्रक्षेपणात आले आणि निवेदिकेने विचारायच्या आत म्हणाले, "ज्यांना चप्पल दिसली, त्यांची दृष्टी उत्तम आहे." त्यानंतर फोनची रांग लागली. त्यातल्या निम्म्यांनी गंभीरपणे सांगितलं की आम्हाला तर पक्षीच वाटला होता. मास्तरांच्या मुलीने सासरहून फोन केला आणि बाबांना भरपूर ओरडली, मग हसली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी काकांना बोलावलं. बालसभा नव्याने सुरू होणार होती आणि तिच्यासाठी चिन्ह हवं होतं.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, पण कागद बाजूला सारला.

"आधी मला एक मोबाइल द्या," ते म्हणाले. "सगळ्यात लहान पडद्याचा."