पुन्हा मोडून दाखवा

तिने नोकरी सोडली तेव्हा तिला कोणी सोड म्हणालं नव्हतं. "कोणीतरी एकाने घरी राहायला हवं," एवढंच ठरलं, आणि हे कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची वेळच आली नाही. त्याआधी ती आणि नवरा एकाच कंपनीत, एकाच हुद्द्यावर, शेजारशेजारच्या टेबलांवर बसून सर्व्हर सांभाळत. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि तिचं टेबल रिकामं झालं. नवऱ्याला यथावकाश केबिन मिळाली. यात कोणावर अन्याय झाला असं घरात कोणालाच वाटलं नाही, आणि तिला नेमका याचाच राग येई.

मुलगी शाळेत रुळली तशी तिने पुन्हा कामाला लागायचं ठरवलं. पाहते तर मधल्या काळात धंद्याची भाषाच बदललेली. आता प्रोग्राम नुसता सर्व्हरवर ठेवत नाहीत. त्याला लागेल ते सगळं सामान भरून त्याचा कंटेनर करतात, म्हणजे एक सीलबंद डबाच. असे शेकडो डबे झाले की त्यांच्यावर देखरेखीला आणखी एक यंत्रणा बसवतात. ती मुकादमासारखी फिरत असते आणि डब्याडब्याला विचारते, जिवंत आहेस का? उत्तर आलं तर ठीक, नाही तर तो डबा मोडीत काढून त्याच्या जागी नवा उभा करते. या मुकादमाला कह्यात ठेवता येत नसेल तर आता कोणी दारात उभं करत नव्हतं.

शिकवायला घरातच तयार माणूस होता. पण नवऱ्याचं शिकवणं असं, की "सरक जरा" म्हणायचं, तिच्या खुर्चीत बसायचं, तडातडा बोटं चालवायची आणि उठताना विचारायचं, "आलं ना लक्षात?" पोहायला शिकवतो म्हणून आपणच पोहून यायचं आणि काठावरच्याला पाणी कसं होतं ते सांगायचं, त्यातली गत. दोनदा तिने ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा खुर्ची सोडली नाही.

मग ती इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये शिरली. हीच विद्या शिकणारी देशोदेशीची मराठी मंडळी, खरं नाव कोणी सांगत नसे. तिला टोपणनाव विचारलं तेव्हा तिने 'घरबशी' असं लिहिलं. नवऱ्याच्या मावशीने एकदा चारचौघांत तिला ही पदवी बहाल केली होती. म्हटलं, चला, कुठेतरी उपयोगी पडू दे.

ग्रुपचे रिवाज विचित्र होते. उत्तर कोणी देत नसे. तुम्ही प्रश्न टाकलात की उलट चार प्रश्न येत. काय दिसतंय? यंत्रणेच्या नोंदी काय म्हणतात? तुम्हाला काय वाटतं, घोडं कुठे पेंड खातंय? यात सगळ्यांत खमक्या होत्या 'आत्याबाई'. त्या कोण, कुठल्या, कोणालाच माहीत नव्हतं. दुसरा रिवाज त्याहून कडक. दुरुस्त झालं म्हणून कोणी नाचायचं नाही. शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर स्क्रीन उघडायची, तीच गोष्ट स्वतःच्या हाताने पुन्हा मोडून दाखवायची आणि पुन्हा जोडायची. तेव्हा कुठे ती तुम्हाला आली असं धरत. चुकलं तर कोणी हसत नसे. मात्र कोणी "आपोआप सुरू झालं" म्हणालं, की आत्याबाई म्हणत, "आपोआप फक्त दूध उतू जातं."

हे सगळं तिला औषधासारखं लागू पडलं. घरी तिचं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी थांबत नसे. इथे अख्खा ग्रुप तिला सुचेपर्यंत गप्प बसत होता.

अशात एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. इस्पितळांचे तपासणी-अहवाल सांभाळणारं एक छोटं ऑफिस होतं, मैत्रीण तिथे कामाला होती, आणि एक जागा रिकामी झाली होती. "सोमवारी ये. मधली वर्षं कुठे होतीस वगैरे विचारत नाहीत," मैत्रीण म्हणाली. "एक बिघडलेली यंत्रणा समोर ठेवतात आणि बघत बसतात." बाकी सगळ्या ऑफिसांनी तिच्या अर्जातली रिकामी वर्षं पाहूनच अर्ज बाजूला सारला होता. हातांनी काय येतं ते बघणारं हे पहिलंच दार. ते तिला स्वतःच्या हाताने उघडायचं होतं.

सरावासाठी तिने इमारतीच्या लिफ्टच्या तक्रारी नोंदवायचा एक छोटासा प्रोग्राम केला होता. लिफ्ट अशी होती की तक्रारींचा तुटवडा नव्हता. पण त्याचा डबा काही उभा राहीना. सुरू व्हायचा, कोसळायचा, मुकादम नवा उभा करायचा, तोही कोसळायचा. तिला वाटलं, मेमरी अपुरी पडतेय. गुरुवारी दुपारी तिने मेमरी वाढवली, तरी ते रडगाणं चालूच. चरफडत ती मुलीला शाळेतून आणायला गेली. परत येऊन पाहते तर डबा ठणठणीत. तिने मुलीला उचलून गरकन फिरवलं आणि दप्तर अजून पाठीवरच होतं म्हणून दोघी धडपडल्या. ग्रुपवर लिहिलं, "जमलं. मेमरीच कमी होती." कितीतरी दिवसांनी आपल्याला काहीतरी आलंय असं तिला वाटलं.

शनिवारी दुपारी ऐटीत स्क्रीन उघडून तिने सांगितलं, "आता मी मेमरी पुन्हा कमी करते, म्हणजे हा कोसळेल." केली. डबा हलला नाही. आणखी कमी केली. डबा आपला खुशाल चालतोय.

"फाइल उघडा," आत्याबाईंचा आवाज आला. "खाली जा. मुकादमाने डब्याची चौकशी करायच्या ओळी कुठे आहेत?"

ओळी नव्हत्या. तिने स्वतः लिहिलेल्या, पाठ असलेल्या ओळी गायब होत्या.

"या कोणी काढल्या?"

"मी नाही," ती म्हणाली, आणि आपला आवाज खोटं बोलणाऱ्या पोरासारखा निघालाय हे तिचं तिलाच ऐकू आलं. "मग शोधा," आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही उद्याही आहोत."

शोधायला लांब जावं लागलं नाही. बाहेरच्या खोलीत सासूबाई शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या. वर मान न करता म्हणाल्या, "गुरुवारी तू शाळेत गेलीस तेव्हा तो लवकर आला होता ना. बसला होता तुझ्या कॉम्प्युटरवर. मला वाटलं तुला माहीत असेल."

नवरा बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. तसा कामसू माणूस, हे तिलाही नाकारता आलं नसतं.

"गुरुवारी माझ्या मशीनला हात लावलास?"

"हो, सांगायचं राहिलं." तो खजीलही झाला नाही. "किती दिवस डोकं आपटत होतीस, बघवेना. दोन मिनिटांचं काम होतं गं. ती चौकशीच काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे दुरुस्त केलं?"

"चालू झालं ना?"

"विचारणाऱ्याचं तोंड दाबलंस. उद्या डबा खरंच मेला तर कळणार कोणाला?"

"अगं, सरावाचं तर होतं. लिफ्टच्या तक्रारी. एवढं काय त्यात?"

"मी तिथे सगळ्यांसमोर तोंडघशी पडले."

"कोण सगळे? ज्यांना तुझं खरं नावही माहीत नाही ते?"

"त्यांना माझं नाव माहीत नाही, पण मला काय येतं ते माहीत आहे," ती म्हणाली. "तुझं उलटं आहे."

त्याने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर घातला, चिमटा लावला. मग समजूत काढायच्या सुरात म्हणाला, "बरं बाबा, चुकलं. पण सोमवारचं टेन्शन घेऊ नकोस. तिथल्या साहेबांना मी ओळखतो. कालच फोन करून सांगितलंय, बायको इतक्या वर्षांनी येतेय, जरा सांभाळून घ्या. ती परीक्षा वगैरे काही घेणार नाहीत आता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरावाचा डबा गेला तर गेला. याने सोमवारही दुरुस्त करून ठेवला होता. कोणी न मागता, कोणाला न विचारता, आणि वर दोन मिनिटांत. भांडायला निदान शत्रू तरी लागतो. हा माणूस प्रेमाने तिची एकेक वीट काढून घेत होता आणि भिंत का पडते म्हणून पुन्हा तिलाच समजावत होता. एवढं सगळं तिच्या तोंडाशी आलं, पण तिने एकच विचारलं.

"तुझ्या मुलाखतीच्या वेळी मी कोणाला फोन केला होता का रे?"

त्याने बादलीतला पुढचा कपडा उचलला.

"मी मदतच..." एवढं तो म्हणेपर्यंत आतून सासूबाई कडाडल्या, "माझी कोडीसुद्धा सोडवून ठेवतोस. मग मी दिवसभर काय करू, उत्तरं वाचू?"

तिने तिथेच उभं राहून मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण ओशाळली. "हो गं, साहेब म्हणाले, नुसत्या गप्पा मारू, फायलींचं एखादं हलकं काम बघू."

"साहेबांना सांग, गप्पा नकोत. बाकीच्यांना जे मोडकं देता तेच मला द्या. नाही आलं तर घरी जाईन."

रविवारी तिने काढलेल्या ओळी परत घातल्या. डबा पुन्हा कोसळायला लागला, आणि ते पाहून तिला हायसं वाटलं. नोंदी वाचल्या. ग्रुपवर आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "चौकशी कधी होते आणि डबा जागा कधी होतो?" तिने दोन्ही वेळा शेजारी मांडल्या आणि कपाळावर हात मारला. प्रोग्रामला जागं व्हायला थोडा वेळ लागत होता, आणि मुकादम त्याआधीच येऊन विचारत होता, जिवंत आहेस का? तो डोळे चोळतोय तोवर मेला म्हणून त्याची तिरडी बांधली जात होती. मेमरीचा काही संबंधच नव्हता. पहिली चौकशी जरा उशिरा करायला सांगितली, डबा उभा राहिला. मग तिने तो मोडला, जोडला, पुन्हा मोडला, पुन्हा जोडला. आत्याबाईंनी "हं" असं लिहिलं. त्या ग्रुपवर याहून मोठी शाबासकी नव्हती.

सोमवारी साहेबांनी दारातच "या वहिनी, या" म्हणून स्वागत केलं. मुलाखतीला आलेल्या बाईला वहिनी. तिने ओठ आवळून ते गिळलं आणि स्क्रीनसमोर बसली. बिघाड वेगळाच होता, आणि तिला तो ओळखीचा नव्हता. ती नोंदी वाचत राहिली. बराच वेळ गेला. साहेबांची चुळबुळ सुरू झाली आणि मागून त्यांचा हात कीबोर्डकडे आला. "एक छोटीशी हिंट देतो, वहिनी..."

"हात मागे घ्या, साहेब," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हात मागे गेला.

डबा धडधाकट होता. अहवाल जिथे साठवले होते त्या डेटाबेसचा पासवर्ड मात्र तो जुन्याच जागी शोधत होता. तिने जागा बदलून दिली, अहवाल दिसायला लागले. "वा, झालं की," म्हणत साहेब उठले. "अजून झालं नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिने तो पुन्हा बिघडवला. साहेब आ वासून बघत राहिले. का बिघडला ते तिने आधी सांगितलं आणि मग तो पुन्हा सुरू केला.

"एक तारखेपासून या," साहेब म्हणाले. "फायलींचं नाही, यंत्रणेचं काम बघा. आणि तुमच्या मिस्टरांना सांगा..."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "फोन त्यांनी केला होता. मी नाही."

संध्याकाळी नवऱ्याला खरंच फोन आला. ती मुलीच्या पुस्तकांना कव्हरं घालत होती, सासूबाई कोड्यावर वाकल्या होत्या. साहेबांचा आवाज खणखणीत, फोन कानाला असूनही खोलीभर ऐकू येत होता. "वहिनींना फारच छान तयार केलंत हो! मोडून दाखवलंन, जोडून दाखवलंन. असं शिकवणं आम्हाला नाही जमायचं."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. थँक्यू अगदी त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, तिला ते दिसत होतं. तिने मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही सुचवलं नाही. सासूबाईंचं पेन थांबलं. उत्तर यायला वेळ लागत होता, आणि तिने तो दिला.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही शिकवलं तिला. मी मोडून ठेवलं होतं, ते तिने दुरुस्त केलं."