उजव्या बाजूचं दार

शेजारच्या ट्रेव्हरने गाडीचं दार उचलून धरलं, नॉर्मनने बिजागऱ्यांचे बोल्ट आवळले, आणि दोघं दम खात मागे सरले. मग नॉर्मनने दोन बोटांनी दार ढकललं. ते छान वळत आलं आणि शेवटच्या बोटभर अंतरावर पत्र्याला पत्रा लागून थांबलं. मागचा वरचा कोपरा अडत होता. खाली मात्र अंगठा जाईल एवढी फट उरली होती.

नॉर्मनने दार उघडून पुन्हा ढकललं. पुन्हा तेच.

"बिजागरी जरा सरकव," ट्रेव्हर म्हणाला.

"बिजागरीचं नाही ते."

"मग रबर जाड झालं असेल."

"रबर लावलंय कुठं अजून? तुझा चष्मा कुठाय?"

एव्हरिल चहाचे मग घेऊन गॅरेजच्या तोंडाशी उभी होती. नवऱ्याचा, नॉर्मनचा आवाज ऐकूनच तिला कळलं की काहीतरी मोडलंय, आणि ते साधं नाही. तिने मग बाकावर पान्यांच्या शेजारी ठेवले. नॉर्मनने लाकडाची एक पातळ पट्टी घेतली आणि तो दाराच्या कडेने ती फिरवू लागला. वर पट्टी शिरेना. खाली ती नुसती पडली.

"सांगाडा मधे खाली बसलाय," तो म्हणाला.

ट्रेव्हरने चहा उचलला, एक घोट घेतला, आणि बायकोला बाजारात न्यायचंय असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. त्याची बायको बाजारातून तासाभरापूर्वीच परतली होती. एव्हरिलने तिला पिशव्या घेऊन येताना पाहिलं होतं.

गाडी जॅग्वार होती, साठच्या दशकातली, दोन माणसांची, वरून उघडी. पुढचं लांब नाक सध्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ही गाडी कॉव्हेंट्रीतच जन्मली होती, नॉर्मन आणि एव्हरिलच्या उमेदीच्या वर्षांत. तो तेव्हा कारखान्यात सांगाडे जोडायच्या रांगेवर होता आणि ती आसनं शिवायच्या शिवणघरात. भोंगा झाला की सायकलींचा असा लोंढा रस्त्यावर यायचा की पलीकडे जायचं असेल त्याने गुपचूप थांबावं. शिवणघरातल्या पोरी हातांना चामड्याचा वास घेऊन घरी जायच्या. तो वास रविवारच्या अंघोळीनेही जात नसे. नॉर्मनने तिला पहिल्यांदा नाचायला नेलं तेव्हा म्हणाला होता, "तुझ्या अंगाला नव्या गाडीचा वास येतो." दुसरी कुणी चिडली असती. तिला ते आवडलं होतं.

आयुष्यभर त्या दोघांनी त्या गाड्या बनवल्या, आणि एकदाही त्यातल्या एकीत बसून रस्त्याला लागले नाहीत. तशा गाड्या डॉक्टर घ्यायचे, नट घ्यायचे. कारखाना बंद झाला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नॉर्मनला एका कोंबड्यांच्या खुराड्यात ही सापडली. गंजलेली, आत पेंढा, आसनांवर अंडी. त्याने ती घरी आणली त्या दिवशी एव्हरिलही त्याच्याइतकीच खूश होती. हे ती आता कुणाला सांगत नसे, पण होती.

मग वर्षं गेली. त्या गल्लीतल्या निम्म्या गॅरेजांत असंच कुणीतरी काहीतरी उभं करत होतं, आणि निम्म्या बायका कशाचं तरी दुसरं टोक धरून उभ्या असायच्या. गॅरेजात न मावलेल्या गोष्टी घरात आल्या. काचा पलंगाखाली, आरसे कपाटात, दारं वर लेकीच्या, जॅनेटच्या रिकाम्या खोलीत जुन्या ब्लँकेटांत गुंडाळून. एव्हरिलने लाल चामड्याची आसनं स्वतः शिवली, शिवणघरात शिकली होती तशीच, टाक्याला टाका लावून. ती आसनं चादरीखाली तिच्या शिवणयंत्राशेजारी होती. बाकी सगळं तिने धरलं. दिवा धरला, पत्रा धरला, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पायाने पेडल धरलं. "दाब. धर. सोड." लग्नातलं निम्मं बोलणं तेवढंच झालं असेल.

आता तिचे गुडघे जिना चढू देत नव्हते. खाली उतरताना ती तोंड पायऱ्यांकडे करून, एकेक पाऊल मागे टाकत उतरे. जॅनेटने लेमिंग्टनला तळमजल्यावरचं घर शोधलं होतं. नदी दोन पावलांवर, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, जिना नाही. एव्हरिलने तिथल्या खिडकीजवळ उभं राहून पाहिलं होतं आणि तिला एकदम खूप झोप आली होती, जणू कुणी तिला खाली बसायची परवानगी दिली होती. त्या घराला गॅरेज नव्हतं. ठरलं ते असं: पानगळीपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची, एकदा दोघांनी मिळून तिच्यातून फिरायचं, मग ती विकायची आणि घर बदलायचं. त्या घराच्या मालकाला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आज बुधवार.

"किती दिवसांचं काम आहे हे?" तिने विचारलं.

नॉर्मन गाडीखालच्या पोलादी पेटीकडे बघत होता. दाराखालून जाणारी ती पेटी. कारखान्यात सगळे तिला उंबरा म्हणत. उघड्या गाडीला छप्पर नसतं, म्हणून तिचा सगळा भार त्या दोन उंबऱ्यांवर. गंजलेला उंबरा कापून नवा जोडायचा तर दार जागेवर लावलेलं असावंच लागतं. दार हेच माप. त्याच्याशिवाय जोडलं तर सांगाडा मधून गुपचूप बसतो, आणि वर इंजिनाचं वजन येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

"दिवसांचं नाही," तो म्हणाला. "इंजिन काढायचं, उंबरा कापायचा, मधून जॅक लावून सांगाडा उचलायचा, परत जोडायचा. माझ्या या हातांनी एक हिवाळा जाईल."

"डावीकडचं दार तर नीट लागतंय."

"ते तू धरलं होतंस."

एव्हरिलने बाकाचा आधार घेतला. "नॉर्मन, दार लावल्याशिवाय उंबरा जोडायचा नाही, हे रांगेवरच्या नव्या पोरांना तूच सांगायचास ना? कान पकडून सांगायचास."

"सांगायचो."

"मग?"

"दार वर होतं. जॅनेटच्या खोलीत."

"तर काय झालं?"

"एकट्याने जिन्यावरून उतरत नाही ते. लावताना पलीकडून कुणीतरी पेलावं लागतं. ट्रेव्हर स्पेनमध्ये होता."

"मी स्पेनमध्ये होते का?"

"तू नाताळात म्हणाली होतीस," नॉर्मन पट्टीशी चाळा करत म्हणाला, "यापुढे मला काहीही धरायला बोलावू नकोस म्हणून."

म्हणाली होती. नाताळच्या आदल्या दिवशी, गाडीचं लांब नाक धरून उभं राहिल्यावर तिच्या खांद्यात कळ आली होती, आणि ओव्हनमध्ये टर्की होती, आणि तो बोल्ट शोधत होता. ती म्हणाली होती, आणि ते मनापासून होतं. त्यानंतर त्याने खरोखरच बोलावलं नाही. ती महिनोनमहिने गॅरेजात फिरकली नाही, आणि तिला वाटलं होतं, किती समजूतदार झालाय म्हातारा.

"म्हणून तू उजवा उंबरा डोळ्यांच्या अंदाजाने जोडलास."

"माप घेतलं होतं. तिरकं, दोन्हीकडून."

"रांगेवर कुणी असं केलं असतं तर?"

"घरी पाठवला असता," नॉर्मन म्हणाला.

त्याने जुनी चादर झटकली आणि गाडीवर ओढली. चादर दारावर अडली. दार उघडंच राहिलं होतं.

"ट्रेव्हरच्या ओळखीचा एकजण आहे, केनिलवर्थला," तो म्हणाला. "अर्धवट गाड्या घेतो. तरुण आहे, स्वतः करेल. मी त्याला कळवतो. तू जॅनेटला हो सांग. ती खिडकी तुला आवडली आहे."

एवढं बोलून तो आत गेला आणि खुर्चीत बसला. जेवताना तो चिडला नाही. वाटाणे एका बाजूला सारून ठेवले. एव्हरिलला चिडलेला नॉर्मन ठाऊक होता. हा नवा होता. हा नदीकाठच्या खिडकीत बसून राहिला असता, काहीही न मागता, आणि रोज सकाळी तिला चहा करून दिला असता.

गुरुवारी सकाळी जॅनेटचा फोन आला.

"आई, आज त्यांना कळवू ना?"

"कळव. नाही म्हणून कळव."

जॅनेट म्हणाली, "बाबांनी सांगितलं का तुला असं?"

"बाबांनी हो सांगायला सांगितलंय."

"मग काय झालं तुला? तुझे गुडघे? तू मागच्या आठवड्यात बसून जिना उतरलीस. मला समोरच्या मिसेस पर्किन्सने सांगितलं."

"मिसेस पर्किन्सला म्हणावं, स्वतःच्या जिन्याकडे बघ."

"आई, असं घर पुन्हा मिळणार नाही."

"माहीत आहे गं मला."

"सगळं त्या डब्यासाठी?"

एव्हरिल शिवणयंत्राजवळ बसली होती. तिने चादर बाजूला करून आसनाच्या कडेवरून हात फिरवला. टाके सरळ होते. त्या वयात, त्या डोळ्यांनी, इतके सरळ टाके तिने घातले होते, आणि ते केनिलवर्थच्या कुणा पोराच्या बुडाखाली जाणार होते, ज्याला हे टाके कुणी घातले याची चौकशीसुद्धा करावीशी वाटली नसती.

"त्या डब्यात माझंही काम आहे," ती म्हणाली. "तो तुझ्या बापाचा एकट्याचा नाही. पुढच्या वर्षी बघ दुसरं घर. तळमजल्यावरचं. नदी नसली तरी चालेल."

"नंतर माझ्याकडे रडू नकोस."

"रडेन. ऐकून घे तेव्हा."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. खिडकीतलं ते ऊन डोळ्यांपुढे आलं आणि गेलं. दमणूक आपली जागच्या जागी होती, कमरेपासून घोट्यापर्यंत. ती उठली, स्वयंपाकघरातलं उंच स्टूल उचललं, आणि त्याचे पाय दाराच्या चौकटीला आपटत गॅरेजात गेली.

नॉर्मन गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसून बिजागरीचे बोल्ट सोडवत होता. दार सुटं करून ठेवायचं, म्हणजे केनिलवर्थच्या माणसाला न्यायला सोपं जाईल.

"ते तसंच राहू दे," एव्हरिल म्हणाली. "आधी कापायचं काय ते ठरव."

त्याने वर पाहिलं. "जॅनेटला काय सांगितलंस?"

"घर दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

"एव्हरिल."

"मला काही समजावू नकोस, फार दमलेय मी. दिवसाला एक तास. त्यापेक्षा जास्त नाही. खांदा दुखला की मी सोडणार, मग तू दाराखाली असलास तरी."

"तुला ती खिडकी आवडली होती."

"खूप आवडली होती," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून तिने ते कमी करून सांगितलं नाही.

नॉर्मन गुडघ्यांवर हात टेकून उठला. उठायला त्याला वेळ लागला. पाना बाकावर ठेवून तो म्हणाला, "मी विचारायला हवं होतं. मार्चमध्ये, उंबरा जोडताना."

"मी नाहीच म्हटलं असतं."

"मग?"

"मग दोन दिवसांनी आले असते." तिने स्टूल दारापाशी सरकवलं, त्यावर बसली, आणि दाराची खालची कड दोन्ही हातांनी पकडली. पत्रा थंड होता. "चल. इंजिन खाली उतरवायच्या आधी फट कुठं किती आहे त्याची खूण करून घेऊ. नंतर तुझ्या डोक्यात राहणार नाही."

त्याने खडू शोधला. वरच्या कोपऱ्यावर रेघ मारली, मग खालच्या. तिसरी रेघ वाकडी गेली. त्याने बोटाने पुसून पुन्हा मारली.

"जरा वर घे," तो म्हणाला.

तिने घेतलं.

"अजून थोडं."

"अजून थोडं म्हणजे किती, नॉर्मन? मी काय क्रेन आहे?"

"बस. धर तसंच."

तिने धरलं. बाहेर ट्रेव्हर आपल्या फाटकापाशी येऊन इकडे डोकावला, हात वर केला, आणि आत यावं की नाही ते न कळून तिथंच उभा राहिला. एव्हरिलने मानेनेच त्याला आत बोलावलं. धरायला तिसरे हात मिळत असतील तर तिला हवे होते.