दोन फोन आणि जांभळी चंदेरी

झाशीच्या मानिक चौकात नानासाहेबांचं साड्यांचं दुकान. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे त्यांचं बोलणं मराठीत सुरू होऊन कधी हिंदीत शिरायचं ते त्यांनाही कळायचं नाही. दुकानाचं अ‍ॅप त्यांनी झाशीच्याच नगरा भागातल्या शाल्मलीकडून करून घेतलं होतं. झालं छान, फक्त उघडायचं नाव घेईना. जवळच्या मऊरानीपुरची गिऱ्हाइकं फिरणारं चक्र बघून कंटाळायची नि निघून जायची.

"नानासाहेब, एकेक फोटो आठ एमबीचा आहे," शाल्मली म्हणाली. "फोनचा पडदा एवढासा! लहान करू. दिसायला तस्साच दिसेल."

"बिलकुल नाही! फोटो हलका, तर साडीही हलकी दिसणार. चाळीस साल साड्यांची जरी बघतोय, बेटा. एक तार बिघडली तरी पकडीन."

पकडाच आता, शाल्मली मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दोन सारखे फोन घेऊन हजर. दोन्हींवर एकच जांभळी चंदेरी साडी. एकावर मूळ फोटो. दुसऱ्यावरचा तिने पडद्याच्या रुंदीला आणून, वेबपी नावाच्या हलक्या प्रकारात, शंभरपैकी ऐंशीच्या दर्जावर ठेवलेला. जेमतेम दीडशे केबीचा.

"सांगा, अस्सल कुठला?"

नानासाहेबांनी चष्मा पुसला. "अगं हा! काठाची चमक बघ. तो दुसरा अगदीच मरगळलेला."

"हाच तर हलका."

गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या सुनेनं, रेवतीनं, पदर तोंडाशी नेला. नानासाहेब चिडले. "दुसरी साडी लाव!"

दुसऱ्या साडीलाही त्यांनी हलकाच फोटो निवडला, वर त्याच्या पोताची पाच मिनिटं तारीफ केली.

आता शाल्मलीला चेव चढला. तिसऱ्या वेळी तिने गुपचूप दर्जा थेट तीसवर आणला. एवढं जमलं की विषयच संपला!

नानासाहेबांनी नुसती नजर टाकली. "ही जरी आहे की वितळलेलं मेण? आणि पदरावर हे चौकोन चौकोन काय उठलेत?"

शाल्मलीचे कान लाल झाले. रेवती आता उघड हसत होती.

"ऐंशीला मी फसलो, तीसला तू फसलीस," नानासाहेब खुशीत म्हणाले. "चल बैठ. कुठपर्यंत उतरायचं, ते मी सांगतो."

दुपारभर दोघं एकेका फोटोचा दर्जा उतरवत बसली. साध्या साड्या पासष्टवर निभावल्या, जरीच्या ऐंशीच्या खाली उतरेनात. संध्याकाळी अ‍ॅप बोट लावताच उघडलं.

शाल्मली निघाली, तर दोन्ही फोन गायब. बाहेर येऊन बघते, तो समोरच्या दुकानात नानासाहेब ठाण मांडून बसलेले. त्यांच्याशी कायम स्पर्धा करणारा दुकानदार सुजय दोन्ही फोन डोळ्यांशी नेऊन घामाघूम झाला होता.

"हाँ भैया," नानासाहेब मिशीत हसत विचारत होते, "बताओ, असली कौन-सा है?"