सरळ बसवायचा की होता तसा?

डॉक्टर मैथिलींनी कम्प्युटरचा पडदा वळवला. आधी नुसता जबडा गरगर फिरत होता, मग त्यांनी बटण दाबलं आणि त्यावर चेहरा चढला. परमेश्वररावांना वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची तरी बायको आहे.

"मावशींच्या जबड्याची डावी बाजू गाठीनं पोखरलीय," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ कर्करोगाची नाही, पण तेवढं हाड काढावंच लागेल. त्या जागी टायटॅनियमचं बसवू. उजव्या बाजूचं माप उलटं करून डावी बाजू आखलीय. यंत्र धातूच्या भुकटीचा थरावर थर देऊन नेमकी तशीच घडवतं. चेहरा अगदी सरळ होईल."

शेजारी बसलेल्या बायकोचे, कडूबाईचे, डोळे असे काही चमकले की परमेश्वररावांनी पडद्यावरून नजरच काढून घेतली.

सोनपेठच्या माहेरी नऊ वर्षांची असताना ती बैलगाडीवरून पडली होती. हाडवैद्यानं फडकं बांधलं, हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून तिची हनुवटी डावीकडे कललेली. सदा कुणाचं तरी म्हणणं पटत नसल्यासारखी. आणि खरोखरच पटत नसे. सासरी, अख्ख्या पिंगळी गावात तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. परमेश्वरराव तेवढे बेचाळीस वर्षं रोज लागत आले होते आणि रोज हरत आले होते. भांडण रंगात आलं की ती हनुवटी आणखी कलायची आणि यांना मनातून गुदगुल्या व्हायच्या. पण हे बायकोला सांगायचं कसं? त्यांच्या घराण्यात तोंडभरून कौतुक व्हायचं ते फक्त बैलांचं.

कडूबाईला रक्त तपासायला नेलं, तसे परमेश्वरराव दार लोटून पुन्हा डॉक्टरांपुढे येऊन बसले.

"मॅडम, एक विनंती हाय. ते सरळ नका करू. जबडा व्हता तसाच वाकडा घडवता येतो का?"

"काका, लोक सरळ करून मागतात!" डॉक्टर चकित झाल्या. "येतो की. पण गाठ यायच्या आधीचा, समोरून काढलेला फोटो लागेल."

इथंच तर घोडं पेंड खात होतं. लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंत एकूण एक फोटोत कडूबाई डावा गाल पदराआड करून उभी. परमेश्वररावांनी दवाखान्याची पिशवी उलटीपालटी केली आणि तिचं आधार कार्ड काढलं, गाठीच्या आधीचं. तेवढ्या एका फोटोला तिला पदर सारून नाक समोर धरावं लागलं होतं. सरकारपुढे कुणाचं काय चालतं!

डॉक्टरांनी कार्ड निरखलं. "करून देईन. पण मावशी हो म्हणाल्या तर. जबडा त्यांचा आहे."

तेवढ्यात दंडावर कापूस दाबत कडूबाई आत आली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "मावशी, सरळ बसवायचा की होता तसा? काका म्हणतात, होता तसा."

परमेश्वरराव टेबलावरचं आधार कार्ड उचलून घाईघाईनं पिशवीत कोंबू लागले.

"कामून ओ?" कडूबाईनं नवऱ्याकडे वळून विचारलं. "सरळ तोंडाची बायको जड जायलीय का तुमाला?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं? सरळ तोंड असतं तर तुमच्या पदरात पडले असते व्हय मी?"

डॉक्टर हसू दाबत कागद चाळू लागल्या. शेवटी फरशीकडे बघत, चोरी कबूल करावी तसे परमेश्वरराव म्हणाले, "मला तसंच आवडतं. पयल्यापासून. लय चांगली दिसतीस तू."

भांडायला उघडलेलं तोंड कडूबाईनं मिटलं. बोलली तेव्हा आवाज पार खाली आला होता.

"बेचाळीस वर्षं गाल झाकून हात दुखला माझा. तवाच एकदा म्हणला असतात, तर आज मीच म्हणले असते, वाकडाच बसवा." मग ती डॉक्टरांकडे वळली. "सरळ करा."

परमेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याला आवडणारी हनुवटी ती आयुष्यभर लपवत होती आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. वाईट वाटलं, ते तिच्यासाठी. "सरळच करा मॅडम," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. सूज उतरायला आणखी आठ दिवस गेले. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि खाटेवर एक सरळ तोंडाची, अनोळखी बाई बसलेली दिसली. परमेश्वररावांना क्षणभर ती जुनी हनुवटी आठवली. पण या खेपेला त्यांनी उशीर केला नाही. ते खाटेशी वाकले आणि तिच्या कानाशी पुटपुटले, "लय चांगली दिसायलीस."

कडूबाईला अजून बोलायची मनाई होती. पण ती चौथी शिकलेली. तिनं डॉक्टरांच्या हातातला पेन घेतला, केसपेपर उलटा केला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "मोठ्यानं म्हणा. शेजारच्या खाटेवर ऐकू गेलं न्हाई."