नावेच्या वाती

विठ्ठलरावांच्या अंगणातली नाव गेली तर त्यांच्या मुलाचा, प्रभंजनचा, फायदा उघड होता. बदामाच्या झाडाखालची सावली मोकळी होणार, उन्हात तापणारी नवी गाडी तिथं येणार, आणि तारिहाळच्या कारखान्यातले सोबती घरी आले की "समुद्र कुठं ठेवलाय?" असं विचारायचे, ते थांबणार. शिवाय कलघटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचा मालक ती नाव न्यायला टपलेलाच होता. तिच्यात बर्फ भरून तो पाणीपुरी मांडणार होता. नावेचंही सोनं होईल, असं प्रभंजनचं म्हणणं.

आता दुसरी बाजू. धारवाडच्या मळमड्डीतल्या शाळेत विठ्ठलरावांनी जन्मभर भूगोल शिकवला. समुद्राशी त्यांचा संबंध भिंतीवरच्या नकाशापुरता. पोहता येत नाही. न्हाणीघरात पाय घसरला तरी "अगं, अगं" करतात. अशा माणसाच्या अंगणात होडी कशी आली, हे आमच्या गल्लीतल्या नव्या भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं.

होडी त्यांच्या बायकोच्या, कृष्णाबाईंच्या, माहेरची. कारवारजवळ काळी नदीच्या काठी त्यांचं घर आणि पलीकडच्या काठाला माडाची बाग. विठ्ठलराव मुलगी बघायला गेले तेव्हा मुलगी घरातच नव्हती, बागेत होती. कोणाला तरी आणायला पाठवायचं चाललं होतं, तेवढ्यात तीच नारळांच्या राशीवर पाय रोवून, एकटी, नदीतून वल्हवत आली. विठ्ठलराव पोहे हातात धरून बघत राहिले. मुलीला गाता येतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढं सासरे वारले, मेहुण्यांनी होडी चुलीत घालायची ठरवली, आणि तेराव्याला गेलेले विठ्ठलराव येताना आंब्यांच्या ट्रकवर होडी घालूनच धारवाडला आले.

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या आधी तिचा सोहळा. जुना रंग पटाशीनं खरवडायचा. काचपेपर मारायचा. फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून बसवायची, तिच्यावर राळ आणि बेलतेल कालवून केलेलं लुकण लिंपायचं, मग तांबडा ऑक्साइड, आणि शेवटी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून आणलेला निळा रंग, काठाला पांढरी रेघ. ही रेघ ओढताना विठ्ठलराव श्वास रोखून धरत. त्या वेळी दारात भाजीवाला ओरडला तर त्याला वर्षभर बोलणी बसत.

वाती कृष्णाबाई करून देत. चातुर्मासात त्या देवासाठी वाती वळत, त्याच परातीत नावेच्याही. फक्त नावेच्या जरा लांब. "देवाला उजेड आणि ह्यांना उद्योग," असं म्हणत.

या सगळ्यात एक गोष्ट कधीच झाली नव्हती. होडी धारवाडात आल्यापासून पाण्यात गेली नव्हती.

प्रभंजननं नेमकी तीच जागा हेरली. जेवायला बसले असताना त्यानं सरळ पैज मांडली. तो म्हणाला, केळगेरीच्या तळ्यात सोडू. तरंगली तर पुन्हा तिचं नाव काढणार नाही. बुडाली तर मी सांगेन तिथं जाईल.

"तुझ्या आजोबांची नाव आहे ती," विठ्ठलराव म्हणाले. "बुडेल कशाला की?"

"मग ठरलं, अप्पा."

"ठरलं."

कृष्णाबाई ताक वाढत होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग सगळ्यांना ताक वाढून झालं.

त्या वर्षी विठ्ठलरावांनी होडी अशी रंगवली की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. दसरा झाल्यावर एका रविवारी टेम्पोत गादी घालून तिला केळगेरीला नेलं. तळं काठोकाठ भरलं होतं. आमची अर्धी गल्ली मागोमाग. घरी तरी कोणाला काय काम होतं. तळ्यात मासे धरणारा प्रेमानंद आपलं जाळं बाजूला ठेवून बघायला आला. चौघांनी होडी पाण्यात ढकलली, आणि ती निळीशार, पांढऱ्या रेघेची, अशी काही डौलात उभी राहिली की प्रभंजनसुद्धा पुटपुटला, "छान दिसतीय."

मग प्रत्येक फटीतून पाणी आलं. एकीतून नव्हे, सगळ्यांतून. होडी कुठंही न कलता, शिस्तीत, जागच्या जागी खाली गेली. थोड्या वेळानं फक्त पांढरी रेघ पाण्यावर उरली.

"सर, भूगोल चुकला की हो," मागून एक जुना विद्यार्थी म्हणाला. हसू फुटलं. विठ्ठलराव गुडघाभर पाण्यात उभे होते, हात पुढं, जणू कोणी त्यांच्याकडं मूल देता देता थांबलं होतं. प्रभंजननं टेम्पोवाल्याला दोर आणायला सांगितलं. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूनं मांडायला हवं.

तेव्हा कृष्णाबाई पाण्यात उतरल्या. लुगडं वर खोचलं नाही, काही नाही. बुडालेल्या काठावर त्यांनी तळवा ठेवला.

"ओढू नको रे. राहू दे."

"आई, बुडाली ती."

"बुडली नाही. तहानलीय. पिऊ दे तिला."

प्रेमानंदनं मान हलवली. "हौदरी. अक्का म्हणतात ते बरोबर आहे. सुकलेलं लाकूड आहे. आत दगड घालून ठेवतो, पोटभर पिऊ दे." त्यानं खरंच दगड आणून आत ठेवले, आणि उरलेली पांढरी रेघही पाण्याखाली गेली. गल्ली घरी परतली. त्या रात्री आमच्याकडं सगळीकडं एकच विषय होता, की म्हातारीचं डोकं फिरलं.

पुढच्या रविवारी तरी गल्ली झाडून हजर. प्रेमानंद आणि प्रभंजन यांनी दगड काढले, होडी वर घेतली, बादल्यांनी पाणी उपसलं. उपसता उपसता बादली तळाला लागली. सगळे वाट बघत राहिले. पाणी आलं नाही. प्रभंजननं हात फिरवला. आठवडाभर पाणी पिऊन फळ्या अशा फुगल्या होत्या की दोन फळ्यांमध्ये नख शिरेना. मध्ये आईच्या वाती घट्ट चेपून बसलेल्या, त्यांचीच एक बारीक पांढरी शिवण दिसत होती. त्यानं खिशातला रुमाल काढून तळ पुसला. थोड्या वेळानं पुन्हा पुसला. रुमाल कोरडा. तो रुमालाकडंच बघत बसला.

कृष्णाबाई वल्हं घेऊन बसल्या. विठ्ठलराव समोर, दोन्ही काठ धरून, डोळे मिटून. वयाची सत्तरी गेलेली बाई, घरात पाट उचलताना कंबर धरणारी. तिनं वल्हं पाण्यात घातलं आणि नुसतं ओढलं. ना फडफड, ना शिंतोडे. काठावर ज्यानं भूगोल चुकला म्हटलं होतं त्यानं पायातल्या चपला काढल्या होत्या. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तळ्याच्या मध्यावर विठ्ठलरावांनी डोळे उघडले. इतक्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण हातांनी काठ सोडलेले दिसले. ते हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. पोहे तेवढे नव्हते.

काठाला लागल्यावर ते उतरले आणि प्रभंजनला म्हणाले, "टेम्पो बोलाव. घरी नेऊ."

प्रभंजननं फोन काढला. "हरलो, अप्पा. सावलीतच ठेवू."

"आता ती घरी नाही येत," कृष्णाबाई म्हणाल्या.

विठ्ठलराव वळले.

"धारवाडचा उन्हाळा लागला की पुन्हा सुकेल. म्हातारं लाकूड आहे, फटी दुसऱ्यांदा मिटायच्या नाहीत. खिळ्याखिळ्याला फाटेल. आता तिनं पाण्यातच राहायचं."

"हे तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

कृष्णाबाईंनी वल्हं प्रेमानंदच्या हातात दिलं, पदरानं हात पुसले. "तुम्ही रंगवत होतात की हो," त्या म्हणाल्या. "परवा बोलले, ते पाणीपुरीपायी."

आता हिशेब. प्रभंजन पैज हरला आणि सावली त्याला मिळाली. प्रेमानंदला न मागता नाव मिळाली. कृष्णाबाईंना एक फेरी, आणि गल्लीला पुढच्या भाडेकरूला सांगायला गोष्टीचा शेवट. देणारे एकटे विठ्ठलराव, जे जिंकले होते. बदामाखालच्या फरशीवर वर्षानुवर्षांच्या निळ्या थेंबांची होडीएवढी कड उमटलेली आहे. प्रभंजन गाडी लावताना चाकं त्या कडेवर येणार नाहीत, असं बघतो. कोणी सांगितलेलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला विठ्ठलराव पायरीवर येऊन बसतात. ब्रश रॉकेलात भिजवून ठेवलेला असतो.

या चातुर्मासात कृष्णाबाई वाती वळायला बसल्या तेव्हा ते शेजारी बसून कापसातली सरकी काढत होते. वाती परातीत पडत गेल्या. सगळ्या आखूड.